डबा ठेवायच्या आधी

"सायेब, ह्यातलं बारकं कंचं?"

असं विचारत आक्का माझ्या टेबलावरच्या ढिगावर बोट टेकवायच्या. ग्रीसनं काळं झालेलं बोट. ते कागदावर टेकलं की ठसा उमटायचा आणि मी ओरडायचो, "अहो आक्का, ड्रॉइंग आहे ते!"

"ड्रॉइंग असतं तर हात लावला असता व्हय मी? कोरा हाय की कागूद."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? कागद कोराच असायचा.

मी पाटणकडचा. डिप्लोमा करून सांगलीला आलो, विश्रामबागेत खोली घेतली आणि कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनला लागलो. आम्ही शेतीची यंत्रं बनवतो. मी यंत्र काढायचं, पुढच्या शेडमध्ये त्याचे भाग व्हायचे आणि मागच्या शेडमध्ये आक्का आणि त्यांच्या हाताखालच्या आठ बायका ते भाग जोडून यंत्र उभं करायच्या. कारखान्यात सगळ्यांच्याच त्या आक्का. मालकसुद्धा आक्काच म्हणायचे, आणि मालक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे आहेत.

काम टाळणारा माणूस आळशी असतो असं तुम्हाला वाटत असेल. साफ खोटं! मी दिवसभर मरमर करायचो. आल्या आल्या कॉम्प्युटरवरच्या फायली नीट लावायचो. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरं फायनल' अशी फोल्डरं होती माझी. त्यांत काय होतं हे मला आजही सांगता येणार नाही. मग गेटवर चहा. मग जुन्या कॅटलॉगांची धूळ झटकायची. मग फोनवर पाटणचा पाऊस बघायचा. कोयनेत पाणी किती चढलं याची माझ्याइतकी चौकशी धरणावरची माणसंही करत नसतील. संध्याकाळी घरी जाताना अंग दुखायचं, आणि नव्या ड्रमचं ड्रॉइंग होतं तिथंच.

हा ड्रम म्हणजे हळद पॉलिश करायचं यंत्र. हळद शिजवून वाळवली की जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. वरची खरबरीत साल घासून निघते आणि हळकुंड पिवळंधमक होतं. आमचे जुने ड्रम अगडबंब, ट्रॅक्टर लावल्याशिवाय फिरत नाहीत. घरच्या विजेवर चालेल आणि दोन बायकांना सहज भरता-रिकामा करता येईल असा छोटा ड्रम काढायचा, ही कल्पना माझीच होती. तीन वर्षं तो माझ्या डोक्यात असा झकास फिरत होता, की कागदावर उतरवायची घाई मला कधी वाटलीच नाही.

दिवाळीनंतर मालकांनी मला मागच्या शेडच्या दारात गाठलं. आक्का तिथंच उभ्या होत्या.

"हे बघ, मोठ्या ड्रमला आता गिऱ्हाईक नाही," मालक म्हणाले. "संक्रांतीनंतर हळद निघायला लागेल. पहिली हळद वाळेपर्यंत तुझा छोटा ड्रम फिरताना दिसला तर असेंब्ली चालू. नाही दिसला तर हे शेड मी गोदामाला देणार. नऊ माणसं नुसती बसवून ठेवणं मला झेपत नाही."

नऊ माणसं म्हणजे त्या आठ बायका आणि आक्का. आतल्या सगळ्या पान्यांचे आवाज थांबले. मला दरदरून घाम फुटला.

आणि घाम फुटल्यावर मी काय केलं असेल? वेळापत्रक! त्यात दोन दिवस गेले. सकाळ हिरवी, दुपार निळी, अवघड कामं लाल. शिवाय फोनवर एक ॲप घेतलं: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, मध्ये घंटा. घंटेचा आवाज कोणता ठेवावा हे ठरवण्यात माझा अख्खा तास गेला. शेवटी देवळातली घंटा निवडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का थेट माझ्या टेबलापाशी. खांद्याला डब्याची पिशवी तशीच.

"काय करताय?"

"नियोजन."

"कशाचं?"

"ड्रमचं."

त्यांनी वेळापत्रक उचलून उजेडात धरलं. "ह्यात ड्रम कुटं हाय? रंगीत चौकोन हायती नुसतं." मग बोट टेकलं. "सायेब, आख्ख्या ड्रमात बारकी वस्तू कंची?"

मी वैतागलो होतो. म्हणालो, "दाराची कडी."

"मग कडी काडा."

"आक्का, असं नसतं हो! आधी ड्रमचा व्यास ठरवायचा, मग मोटर, मग गिअर..."

"ठरवताय की तीन वरसं. आता कडी काडा. मी हाय हितं उभी."

"बसा तरी."

"बसलं की बसलंच. काडा तुमी."

राग आला होता मला, पण करतो काय? बाई डोक्यावर उभी! पेन्सिल घेतली आणि कडी काढली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आक्कांनी कागद फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "हातमोजं घातल्यावर ही उघडायची न्हाई. बोटभर लांब करा." केली. कागद घेऊन त्या पुढच्या शेडमध्ये गेल्या आणि जेवणाच्या सुट्टीआधी कडी तयार होऊन माझ्या टेबलावर आली. गरम होती अजून!

तीन वर्षांत माझ्या ड्रमची पहिली वस्तू जगात आली होती. मला असला आनंद झाला म्हणून सांगू, मी ती खिशात घालून जेवायला गेलो. जेवताना दोनदा काढून बघितली.

मग कडी कशाला अडकणार म्हणून दार काढलं. दाराला बिजागरी लागते म्हणून बिजागरी. दार कुठं बसवायचं तर ड्रमच्या अंगाला, म्हणून ड्रमचं अंग. कुठल्याही कॉलेजात यंत्र असं उलटं शिकवत नाहीत. माझ्या सरांनी बघितलं असतं तर माझा डिप्लोमा परत मागितला असता. पण पंधरा दिवसांत माझ्याकडं अकरा ड्रॉइंगं होती. अकरा! रोज संध्याकाळी मी मोजून बघायचो.

आक्कांचा नियम मला हळूहळू कळला. सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं की खांद्यावरचा डबा खाली ठेवायच्या आधी एक काम करायचं. कुठलंही, बारकं, उभ्यानं. एक बोल्ट आवळायचा, एक वॉशर बसवायचा. ते झालं की मग डबा, मग ॲप्रन, मग "राम राम". साडेआठला येऊन बघितलंत तर नऊच्या नऊ बायका खांद्याला पिशव्या लटकवून पाने फिरवताना दिसल्या असत्या. आमचा वॉचमन म्हणायचा, ह्या बायका कामाला आल्यात का काम उरकून एस.टी. पकडायला निघाल्यात, तेच समजत नाही.

"हे कुठं शिकलात हो?" मी एकदा विचारलं.

त्या जत तालुक्यातल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. लहानपणी बापाबरोबर कळपामागं रानोमाळ फिरलेल्या. म्हणाल्या, "थंडीत सकाळी मेंढरं उठत न्हाईत. अंगाला अंग लावून बसत्यात. माझा बा कवा सगळ्यास्नी उठवत बसला न्हाई. एक मेंढरू धरायचा आणि हुबं करायचा. बाकीची बघून उठत्यात. कामाचं बी तसंच हाय. आख्खा कळप बघितला की आपुनच खाली बसतो."

दुसऱ्या दिवसापासून मीही डबा खांद्याला ठेवून पहिली रेघ मारायला लागलो. पहिल्या दिवशी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आक्का, तुमच्या कळपात आनि एक वाडलं बगा." मी पण हसलो. मला तेव्हा कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं, हो! ॲप मी काढून टाकलं. देवळातली घंटा एकदाही वाजली नव्हती.

संध्याकाळचा त्यांचा नियम आणखी अजब. पाच वाजत आले आणि काम संपत आलं, तर त्या ते संपवायच्याच नाहीत. शेवटचा एक नट हातानं अर्धा फिरवून सोडायच्या, त्यावर पाना अडकवायच्या आणि पान्याला लाल चिंधी बांधायच्या. "ह्यो सकाळचा," म्हणायच्या. म्हणजे सकाळी आल्यावर काय करू, कुठून सुरू करू, हा विचारच नको. हात आपोआप तिथं जायचा.

मला हे इतकं आवडलं की मी प्रत्येक गोष्ट अर्धवट सोडायला लागलो. शेवटची रेघ उद्या. शेवटचं माप उद्या. आधी टाळायचो म्हणून अर्धवट राहायचं, आता मुद्दाम राहायला लागलं, आणि सकाळी ते पुरं करायला मी खरोखर पळत यायचो. विश्रामबागेच्या चौकात सिग्नलला थांबलो तरी हात शिवशिवायचे.

जानेवारी संपता संपता ड्रम उभा राहिला. निळा रंग, पिवळं दार, आणि त्याला माझी कडी. चाचणी ठरली कृष्णाकाठच्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या खळ्यावर. सांगलीचा एक मोठा विक्रेता बघायला येणार होता. त्याला पटलं तर ऑर्डर, ऑर्डर आली तर शेड वाचलं, इतकं सरळ होतं सगळं.

आदल्या दिवशी माझ्या अंगात काय आलं होतं कोण जाणे. म्हटलं, मधल्या दांड्याचं बेअरिंग मी स्वतः बसवणार. बायकांना बाजूला केलं. बसवलंही छान. पाच वाजत आले होते. त्याचे चारी बोल्ट नुसते हातानं फिरवले आणि मोठ्या थाटात म्हणालो, "हे सकाळचे!" टेम्पो दुसऱ्या दिवशी दहाला येणार होता.

टेम्पो आला सातला. मालकांनी घाई केली आणि वॉचमनला हाताशी घेऊन ड्रम चढवून मोकळे झाले. मी साडेआठला पोचलो तर शेडमध्ये ड्रमच नाही, आणि मालकांचा फोन, "आक्कांना घेऊन थेट गावात ये." मी आक्कांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि उडतच निघालो. बोल्ट? कुठले बोल्ट! माझ्या डोक्यात नुसत्या ऑर्डरी नाचत होत्या.

खळ्यावर वीसेक माणसं जमलेली. घरातल्या दोघी सासू-सुनांनी ड्रम भरला. कडी हातमोज्यांनिशी लागली, टक्कन. विक्रेत्यानं मान हलवली. बटण दाबलं आणि ड्रम असा फिरायला लागला, असा फिरायला लागला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिवळी धूळ उठली. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

मग आवाज आला. टक. थोडं थांबून पुन्हा, टक.

त्या क्षणी मला चारी बोल्ट डोळ्यांपुढं दिसले. पान्यावर चिंधी बांधायची तर सोडाच, मी पानासुद्धा अडकवला नव्हता. वॉचमनला तरी कसं कळणार, काम बाकी आहे म्हणून?

आता मी तुम्हाला माझी लाज सांगतो. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? 'जरा बघू. कदाचित बसेल आपोआप. चाचणी होऊ दे, मग बघू.' तोच जुना रोग, भर खळ्यावर! मालक माझ्याकडं बघत होते. आक्काही बघत होत्या. पाना त्यांच्या पिशवीत होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

टक, टक, टक.

मी धावलो आणि बटण बंद केलं.

"माझी चूक आहे," मी म्हणालो, आणि आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकलो. "चार बोल्ट आवळायचे राहिलेत. कारखान्याची नाही, असेंब्लीच्या बायकांचीही नाही. मी सोडले होते ते."

मालकांचा चेहरा पडला. आक्का पुढं आल्या, माझ्या हातात पाना दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अर्धंच शिकलासा की ओ सायेब! चिंधी कुटं हाय?"

सासूबाई फसकन हसल्या. मग सगळेच. मी धुळीत गुडघे टेकून बोल्ट आवळले, कपाळावरची हळद घामानं डोळ्यांत उतरत होती. पाच-सात मिनिटांत ड्रम पुन्हा सुरू झाला, आणि ह्या वेळी नुसती घरघर. अर्ध्या तासानं दार उघडलं तर आत हळद अशी झळकत होती की सासूबाईंनी मूठभर उचलून सुनेच्या गालाला लावली.

विक्रेता मात्र हळदीकडं बघतच नव्हता. तो वाकून बोल्ट बघत होता. "एका पान्यानं, खळ्यावरच दुरुस्त झालं की हो," तो म्हणाला. "मोठा ड्रम बिघडला तर माझी माणसं दोन दिवस अडकतात. ह्या हंगामाला सहा द्या. पुढचं पुढं."

सहा! मी आक्कांना मिठीच मारणार होतो. त्यांनी पिशवी मध्ये धरली. "व्हा तिकडं, सगळं ग्रीस लागंल," म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या. असं हसताना मी त्यांना त्याआधी बघितलं नव्हतं.

सहाचे पुढं अकरा झाले. मार्चभर मागच्या शेडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. दोन नव्या बायका घ्याव्या लागल्या. त्या नव्या, त्यांनी सवयीप्रमाणे आल्या आल्या डबे खाली ठेवले, तर बाकीच्या आठजणी एकदम ओरडल्या.

एप्रिलच्या मध्यावर मालक सहज बोलून गेले, "या महिनाअखेर आक्का जाणार. आता असेंब्ली कुणाच्या हाती द्यायची ते बघ."

"जाणार म्हणजे?"

"वय भरलं त्यांचं. मी म्हटलं होतं थांबा आणखी दोन वर्षं. पण दसऱ्यालाच सांगून मोकळ्या झाल्या, हा हंगाम झाला की गावी जाणार म्हणून. तुला माहीत नव्हतं?"

दसऱ्याला! म्हणजे शेड बंद करायची भाषा निघायच्याही आधी. माझ्या डोक्यात कसलातरी गोंधळच उडाला. मी इतके दिवस धरून चाललो होतो की आक्का स्वतःची नोकरी वाचवायला माझ्या मागं लागल्यात. आणि त्यात मला गैरही काही वाटलं नव्हतं. तडक मागच्या शेडमध्ये गेलो.

"आक्का, शेड बंद झालं असतं तरी तुमचं काहीच जाणार नव्हतं."

"न्हाई की."

"मग रोज सकाळी माझ्या डोक्यावर येऊन का उभ्या राहायचात?"

त्या बेअरिंग पुसत होत्या. पुसणं थांबवलं नाही. "ह्या पोरींचं जाणार हुतं. हिचा नवरा घरी बसलाय, तिची दोन लेकरं शाळंत हायती." मग माझ्याकडं बघितलं. "आनि तुमचं काय कमी जाणार हुतं? तीन वरसं डोळ्यानं बघत हुते मी. चांगला हात हाय तुमचा, आनि नुसतं चहा पीत म्हातारं व्हायला निघाला हुता. लय वंगाळ वाटायचं बगा मला."

माझ्या आईनंसुद्धा माझ्याकडं इतकं नीट बघितलं नसेल.

आक्कांना मी सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेलो. सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. एक पत्र्याची पेटी, एक पिशवी, आणि बायकांनी दिलेलं जरीचं लुगडं. जतची गाडी फलाटाला लागली होती, अजून ड्रायव्हर यायचा होता. मी पेटी वर चढवली आणि खाली येऊन त्यांच्या खिडकीपाशी उभा राहिलो. म्हटलं, गाडी हलेपर्यंत थांबू, हात हलवू, तेवढं तरी.

"आज टेबलावर काय हाय?" आक्कांनी खिडकीतून विचारलं.

"विक्रेत्याला धूळ उडू नये असं झाकण हवंय. ते काढायचंय. दुपारी काढतो."

"दुपारी का?"

"अहो, तुमची गाडी..."

"गाडी जाईल तिची ती. तुमी ढकलणार हाय का तिला?"

"आक्का, पाच मिनिटांनी काय होतंय?"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. मग त्याच हातानं मला मागं ढकललं, चांगलं जोरात. "जावा," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आवाज मात्र शेडमधल्यासारखाच. "माझ्याकडं बघत हुबं राहू नका. जावा म्हणते न्हवं!"

मी वळलो. स्टँडच्या बाहेर येईपर्यंत मागं बघितलं नाही, बघितलं असतं तर थांबलो असतो. दहाला मी कुपवाडात होतो. डबा खांद्यालाच ठेवून पहिली रेघ मारली. मागच्या शेडमधून त्या आठजणी दारापर्यंत आल्या होत्या.

"गाडी सुटली का ओ आक्कांची?" एकीनं विचारलं.

"सुटली," मी म्हणालो. मी बघितली नव्हती. झाकण जेवायच्या सुट्टीआधी पुरं झालं.